राजगृह : ग्रंथांसाठी बांधलेले घर

दरवर्षी ६ डिसेंबरला साखरखेर्डा परिसरातील धम्मबांधव चैत्यभूमीला अभिवादन करण्यासाठी मुंबईला जातात. चैत्यभूमी दादर पश्चिमेला, तर 'राजगृह' पूर्वेला हिंदू कॉलनीत. या घराचा आणि त्यात राहिलेल्या माणसांचा इतिहास आपल्या मुलाबाळांना ठाऊक असला पाहिजे.

त्याआधी आंबेडकर कुटुंब परळच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. १९१२ पासून सुमारे २२ वर्षे. ५० आणि ५१ नंबरच्या दोनच खोल्या. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षणासाठी अमेरिकेला गेले, १९२० मध्ये पुन्हा लंडनला. मागे माता रमाईने काटकसरीने संसार रेटला. १९२६ मध्ये लहानग्या राजरत्नच्या मृत्यूचे दुःख कुटुंबाने याच चाळीत सोसले. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या वेळीही बाबासाहेबांचे बिऱ्हाड येथेच होते.

ग्रंथ वाढत गेले. दोन खोल्यांत माणसे कोठे राहणार आणि पुस्तके कोठे ठेवणार? म्हणून बाबासाहेबांनी कर्ज काढून हिंदू कॉलनीत घर बांधायला घेतले. १९३३ साली ते पुरे झाले. प्राचीन मगधाची राजधानी राजगृह. पहिली धम्मसंगीती तेथेच भरली. तेच नाव त्यांनी घराला दिले. जवळच त्यांनी 'चार मिनार' ही दुसरी इमारतही बांधली होती. देणी भागवण्यासाठी आणि ग्रंथखरेदीसाठी ती १९४१ मध्ये विकावी लागली. इमारत गेली, ग्रंथ राहिले!

रमाईला मात्र हे घर फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच तिने शेवटचा श्वास घेतला. ७ डिसेंबर १९५६ च्या पहाटे बाबासाहेबांचे पार्थिव दिल्लीहून येथेच आणले गेले आणि दर्शनासाठी लाखोंचा समुदाय लोटला. पुढे भैयासाहेब यशवंतराव आणि मीराताईंचे कुटुंब या घरात वाढले.

७ जुलै २०२० रोजी समाजकंटकांनी आवारातील कुंड्या फोडल्या, खिडकीची काच आणि कॅमेऱ्याचे नुकसान केले. देशभर संताप उसळला. पण घराचे खरे रक्षण नुसत्या पहाऱ्याने होत नाही. त्यामागचा विचार घरोघरी जावा लागतो.

आपले घर दोन खोल्यांचे असेल, पत्र्याचे असेल. त्यात ग्रंथांसाठी एक फळी आणि मुलांना अभ्यासापुरता एक कोपरा राखू या. आपल्या घरातील पहिले शिकलेले माणूस कोण, त्यासाठी कोणी पोटाला चिमटा घेतला, हेही वहीत लिहून ठेवू या. राजगृहाकडून शिकायचे ते हेच.

जय भीम!