परदेशात झोप लागत नाही? गावाकडच्या गोळ्या नकोत, तिथलीच मदत घ्या

"डॉक्टर, पोराला तिकडं झोपच लागत नाही म्हणतो. इथून चांगल्या गोळ्या लिहून द्या, ओळखीचा माणूस जाणार आहे, त्याच्याजवळ पाठवतो." देवगाव फाट्यासारख्या रस्त्यावरच्या गावात दवाखाना असला तरी ही विनंती आता नवी राहिलेली नाही. सेलू, जिंतूर, मंठा या भागातली मुले-मुली आखाती देशांत कामाला, इंग्लंड-जर्मनीत शिकायला किंवा अमेरिकेत नोकरीला असतात. फोनवर त्यांचा थकलेला आवाज ऐकला की आई-वडिलांचीही झोप उडते. काळजी रास्त आहे, पण गोळ्या पाठवणे हा त्यावरचा उपाय नाही. तो का नाही आणि मग करायचे काय, ते या लेखात पाहू.

इथून गोळ्या का पाठवू नयेत?

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम या झोपेसाठी सर्रास मागितल्या जाणाऱ्या गोळ्या आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येतात. त्या पार्सलने परदेशी पाठवणे किंवा दुसऱ्याच्या बॅगेत देणे म्हणजे त्या माणसालाही अडचणीत टाकणे. संयुक्त अरब अमिरातीत अशी औषधे स्वतःसाठी नेतानाही तिथल्या सरकारची आधी परवानगी घ्यावी लागते. परवानगी नसेल तर विमानतळावरच चौकशी आणि कारवाई होऊ शकते.

फोनवरून लिहून देण्याचाही मार्ग नाही. भारताच्या २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना देशाबाहेरच्या सल्ल्यासाठी नाहीत, आणि अल्प्राझोलाम किंवा झोल्पिडेमसारखी औषधे दूरस्थ सल्ल्यावर लिहिण्यास त्यांत मनाई आहे.

वैद्यकीय कारण याहून महत्त्वाचे आहे. या गोळ्यांची सवय लागते, काही आठवड्यांत त्यांचा गुण कमी होतो आणि डोस वाढत जातो. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावू शकतो. इथून नेलेला साठा संपला आणि गोळी एकदम बंद झाली तर घबराट, थरथर आणि कधी कधी झटकेही येऊ शकतात. म्हणून कोणी आधीच रोज घेत असेल, तर ती स्वतःहून अचानक बंद करू नये. तिथल्या डॉक्टरांना गोळीचे नाव, ताकद आणि किती दिवस घेतली ते खरे सांगावे. ते डोस हळूहळू उतरवून देतात.

आधी तक्रार नेमकी कोणती ते ओळखा

"झोप नाही" या दोन शब्दांत निरनिराळे आजार लपलेले असतात. परदेशातल्या डॉक्टरकडे वेळ थोडा असतो, म्हणून तक्रार नेमकी सांगता आली पाहिजे.

- झोप लागते, पण चुकीच्या वेळी. शरीरातले घड्याळ बदललेले नाही. नव्या देशात गेल्यावर जितक्या तासांचा वेळेचा फरक, साधारण तितके दिवस सावरायला लागतात. रात्रपाळी करणाऱ्यांचे मात्र आपोआप सावरत नाही.
- अंथरुणावर पडल्यावर तासभर झोप लागत नाही, किंवा मध्यरात्री जाग आली की पुन्हा लागत नाही. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने असे चालले तर त्याला जुना निद्रानाश म्हणतात.
- आठ तास झोपूनही अंग जड, दिवसा डुलक्या. घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हे कारण असू शकते. आपल्या लोकांत फार वजन नसतानाही हा आजार आढळतो. एकट्या राहणाऱ्याला आपले घोरणे कळत नाही, म्हणून खोलीतल्या सोबत्याला विचारा किंवा रात्री मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा.
- रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही. यामागे बऱ्याचदा शरीरात लोह कमी असते. रक्ततपासणीत फेरिटिन पाहायला सांगा.
- पहाटे तीन-चारला जाग, मन उदास, भूक नाही, कशात रस नाही. हे नैराश्याचे लक्षण असू शकते.
- झोपायला वेळच मिळत नाही. दिवसा कॉलेज, रात्री काम किंवा एकाच खोलीत वेगवेगळ्या पाळीची माणसे. इथे आजारापेक्षा वेळापत्रक आणि जागेचा प्रश्न मोठा असतो.

प्रकाशाचाही वाटा असतो. परभणीकडे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवससुद्धा सुमारे अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये तो आठ तासांहूनही कमी होतो, आणि जूनमध्ये तिथे साडेसोळा तास उजेड असतो. शरीराचे घड्याळ सकाळच्या उजेडावर लावले जाते. म्हणून हिवाळ्यात उठल्यावर अर्धा तास तरी बाहेर चालणे आणि उन्हाळ्यात खिडकीला जाड पडदा, एवढ्यानेही फरक पडतो.

कोणत्या देशात कुठे जायचे?

इंग्लंड: पोहोचल्याबरोबर जवळच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवा. आजारी पडण्याची वाट पाहू नका. नोंदणीला पैसे लागत नाहीत. व्हिसा घेताना आरोग्य अधिभार भरलेला असतो, त्यातच एनएचएसची सेवा मिळते. चिंता किंवा नैराश्य असेल तर एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः अर्ज करता येतो. तातडीच्या सल्ल्यासाठी १११ क्रमांक आहे.

जर्मनी: आधी हाउसआर्त्स्त, म्हणजे फॅमिली डॉक्टर. अपॉइंटमेंट मिळत नसेल तर ११६११७ या क्रमांकावर मदत मिळते. निद्रानाशासाठी 'सोमनिओ' नावाचे ॲप तिथे डॉक्टर औषधासारखे लिहून देऊ शकतात आणि त्याचा खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो. आपल्याला समजेल त्या भाषेत ते आहे का, हे आधी विचारून घ्या.

अमेरिका: विद्यार्थ्यांनी प्रथम विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात किंवा समुपदेशन केंद्रात जावे. नोकरी करणाऱ्यांनी विमा कंपनीच्या यादीतलाच प्राथमिक डॉक्टर निवडावा, नाहीतर बिल मोठे येते. श्वास अडकण्याची शंका असेल तर "घरी करता येणारी झोपेची तपासणी चालेल का?" असे विचारा. अनेकांना ती पुरते आणि प्रयोगशाळेत रात्रभर राहण्यापेक्षा खूप स्वस्त पडते.

आखाती देश: कंपनीच्या विम्याचे कार्ड स्वतःजवळ ठेवा आणि त्यावर चालणाऱ्या क्लिनिकमध्ये जनरल फिजिशियनला भेटा. अनेक क्लिनिकमध्ये भारतीय डॉक्टर असतात, हिंदीत बोलता येते. कामाचे तास, राहण्याची जागा किंवा पगार यांचा त्रास झोपेच्या मुळाशी असेल तर भारतीय दूतावासाच्या मदत केंद्राशी बोला. अमिरातीत प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा मोफत क्रमांक ८००४६३४२ आहे.

भाषा अडत असेल तर दुभाषा मागायला लाजू नका. इंग्लंडच्या एनएचएसमध्ये आणि अमेरिकेतल्या बहुतेक रुग्णालयांत तो विनामूल्य मिळतो. मुलांकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांनी तर हे जरूर लक्षात ठेवावे.

डॉक्टरकडे जाताना काय न्यावे?

दोन आठवड्यांची झोपेची नोंद. रोज सकाळी वहीत लिहा: अंथरुणावर किती वाजता गेलो, अंदाजे केव्हा झोप लागली, किती वेळा जाग आली, केव्हा उठलो, चहा-कॉफी शेवटची कधी घेतली, दारू घेतली का, कामाची पाळी कोणती. सोबत चालू औषधांची यादी, त्यात आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेल्या गोळ्याही. थायरॉइड, मधुमेह, दमा असेल तर इथल्या तपासण्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

गोळी मिळाली नाही म्हणून नाराज होऊ नका

तिथले डॉक्टर गोळी लिहिण्याआधी सीबीटी-आय ही उपचारपद्धती सुचवतात. म्हणजे ते टाळाटाळ करतात असे नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये आणि युरोपातील तज्ज्ञांनी २०१७ मध्ये जुन्या निद्रानाशावर हाच पहिला उपचार सांगितला आहे. साधारण चार ते आठ बैठका लागतात. त्यातले मुख्य नियम असे:

- रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच, सुटीच्या दिवशीसुद्धा.
- सुमारे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसा, डोळे मिटू लागले की परत या. घड्याळ पाहू नका.
- अंथरूण फक्त झोपेसाठी. अभ्यास, जेवण, मोबाइल तिथे नको.
- नऊ तास अंथरुणावर आणि झोप सहाच तास असेल, तर अंथरुणावरचा वेळ आधी कमी करून मग हळूहळू वाढवतात. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे. फिट्सचा किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी आणि वाहन चालवणाऱ्यांनी विशेष जपावे.

थेरपिस्ट मिळायला वेळ लागत असेल तर अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाचे 'इन्सॉम्निया कोच' हे ॲप कोणालाही मोफत वापरता येते.

दुकानात मिळणाऱ्या गोळ्यांपासूनही सावध राहा. अमेरिकेत नावापुढे 'पीएम' असलेल्या अनेक गोळ्यांत ॲलर्जीचे गुंगी आणणारे औषध असते. त्याने वयस्करांना गोंधळल्यासारखे होते, लघवी अडू शकते. मेलाटोनिन तिथे पूरक आहार म्हणून खुले मिळते, पण गोळीत लेबलावरच्या इतकेच औषध असेल याची खात्री नसते. इंग्लंडमध्ये तेच डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते. वेळेच्या फरकावर त्याचा थोडा उपयोग होतो, जुन्या निद्रानाशावर फारसा नाही.

घरच्यांनी काय करावे?

फोनची वेळ बदला. आपण सकाळी सहाला उठून फोन लावतो तेव्हा उन्हाळ्यात लंडनमध्ये रात्रीचा दीड वाजलेला असतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे साडेअकरा होतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे नऊ. मुले आई-वडिलांचे मन राखायला जागतात आणि सांगत नाहीत. त्यांच्या संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी बोलायचे ठरवून घ्या. घरातले भांडण, कर्जाचा हप्ता, शेतीचा वाद हे विषय त्यांच्या झोपण्याच्या वेळी काढू नका.

"झोपलास का?" एवढेच विचारून थांबू नका. "जेवतोस का, कोणाशी बोलतोस का, कामावर जावंसं वाटतं का?" हेही विचारा. "जगून काय करू" असे शब्द आले, तर त्याला फोनवर एकटे सोडू नका. त्याच्या खोलीतल्या सोबत्याला किंवा जवळच्या मित्राला दुसऱ्या फोनवरून लगेच कळवा. अमेरिकेत ९८८, जर्मनीत ११२, इंग्लंडमध्ये ९९९ हे क्रमांक चोवीस तास चालतात. आणि काळजीने तुमचीच झोप गेली असेल, तर भारतात टेलिमानस १४४१६ वर मराठीतही बोलता येते.

गाडी चालवताना डुलकी लागणे, झोपेत श्वास कोंडून जाग येणे, किंवा दोन-तीन रात्री अजिबात न झोपता उत्साह आणि बडबड वाढणे, ही लक्षणे असतील तर नोंदवहीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांनी आज रात्रीपासून वही सुरू करावी आणि तिथल्या डॉक्टरची अपॉइंटमेंट आजच घ्यावी. पुष्कळ ठिकाणी ती मिळायलाच दोन आठवडे लागतात, तेवढ्यात वही भरते.