कोरियन भाषेतला ‘आहे’

मित्रांनो, आत्ता या क्षणी तुम्ही काय करताय? “वाचतो आहे” किंवा “वाचते आहे” असंच म्हणाल ना? काम चालू आहे, अजून संपलेलं नाही, हे सांगायची ही आपली रीत. कोरियन मुलं हेच कसं सांगतात, ते आज पाहू या.

मराठी आणि कोरियन या एका कुळातल्या भाषा नाहीत. तरी दोन्हींत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे आपलं काम सोपं होतं.

‘चादा’ म्हणजे झोपणे. त्यातला ‘दा’ काढला की धातू उरतो ‘चा’. त्याला ‘गो’ जोडा आणि पुढे ‘इस्सॉयो’ म्हणजे ‘आहे’ ठेवा. ‘चागो इस्सॉयो’, झोपतो आहे! धातूच्या शेवटी व्यंजन असेल तर बहुतेक वेळा ‘गो’चा उच्चार ‘को’सारखा होतो. ‘मॉक्ता’ म्हणजे खाणे, म्हणून ‘मॉक्को इस्सॉयो’, खातो आहे.

आता पूर्ण वाक्य पाहा: ‘तोंगसेंगी छेगुल इल्को इस्सॉयो.’ धाकटं भावंड – पुस्तक – वाचतं – आहे. शब्दांचा क्रम अगदी आपलाच! भाऊ असो की बहीण, क्रियापद बदलत नाही. ‘वाचतो’ की ‘वाचते’ ही भानगडच नाही.

मान मात्र द्यावा लागतो. आजोबा झोपले असतील तर ‘चागो इस्सॉयो’ म्हणून चालत नाही. तिथे ‘चुमुशीगो गेसेयो’ म्हणतात. मोठ्यांसाठी ‘झोपणे’ हा शब्दही वेगळा आणि ‘आहे’सुद्धा वेगळा!

खरी गंमत पुढेच आहे. इंग्रजीच्या आधाराने कोरियन शिकणारे ‘बसणे’पाशी हमखास अडखळतात. कारण खुर्चीत बसण्याची क्रिया चालू असो की माणूस आधीच बसलेला असो, इंग्रजीत दोन्हीला ‘इज सिटिंग’ म्हणता येतं. आपण मात्र ‘बसतो आहे’ आणि ‘बसला आहे’ असा फरक करतो. कोरियन माणूसही करतो! बसण्याची क्रिया चालू असेल तर ‘आन्को इस्सॉयो’, आणि बसलेला असेल तर ‘आन्जा इस्सॉयो’. ‘गो’ गेला, त्याच्या जागी ‘आ’ आला. म्हणजे इथे इंग्रजीपेक्षा आपली मराठीच जास्त उपयोगी पडते.

पण कपड्यांच्या बाबतीत सावध राहा हं! ‘इप्को इस्सॉयो’ म्हणजे ‘कपडे घालतो आहे’ आणि ‘कपडे घातले आहेत’, दोन्ही. अर्थ संदर्भावरून ओळखायचा.

आणि कालची गोष्ट सांगायची असेल तर? शेवटच्या ‘आहे’चा ‘होता’ करा. ‘मॉक्को इस्सॉस्सॉयो’, खात होतो. झालं!

एक सूचना. हे उच्चार देवनागरीत जवळपासचेच लिहिता येतात. कोरियन भाषेची स्वतःची लिपी आहे, हांगुल. राजा सेजोंगच्या काळात ती तयार झाली आणि १४४६ साली प्रजेसाठी जाहीर झाली. भाषा शिकायची तर ही लिपी आधी शिका.

आता तुमची परीक्षा! आई-बाबांनाही सोबत घ्या.

१) ‘माशीदा’ म्हणजे पिणे आणि ‘मुरुल’ म्हणजे पाण्याला. ‘पाणी पितो आहे’ कसं म्हणाल?

२) ‘मांजर खुर्चीवर बसलं आहे.’ इथे ‘आन्को’ की ‘आन्जा’?

उत्तरे: १) मुरुल माशीगो इस्सॉयो. २) आन्जा.