करारावरचा हात

जानेवारी १९४८. ॲडलेडच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा कुटून ठेवल्या होत्या. त्यांपैकी २०१ एकट्या ब्रॅडमनच्या. उत्तरादाखल भारताचा निम्मा संघ १३३ धावांत तंबूत परतला, आणि मग सहाव्या जोडीने १८८ धावा जोडल्या. एका टोकाला विजय हजारे, जन्म सांगलीचा. दुसऱ्या टोकाला दत्तू फडकर, जन्म कोल्हापूरचा. मधलं अंतर फार तर पन्नासेक किलोमीटर. आम्ही पन्हाळ्याची माणसं कोल्हापूरला आपलंच गाव मानतो, म्हणून ही भागीदारी मला नेहमीच घरची वाटत आली आहे. हजारेंनी ११६ काढल्या, फडकरांनी १२३. हजारेंनी दुसऱ्या डावात पुन्हा १४५ काढल्या, तरी भारत डावाने हरला.

फडकर खरे गोलंदाज. उंच, सरळ हाताचे, नव्या चेंडूने दोन्हीकडे वळवणारे. महिनाभर आधी सिडनीला, आयुष्यातल्या पहिल्याच कसोटीत, त्यांनी आठव्या क्रमांकावर ५१ धावा केल्या आणि १४ धावांत तीन बळी घेतले. ऑस्ट्रेलियाचा तो डाव १०७ धावांत आटोपला होता. पुढच्या हंगामात मद्रासला वेस्ट इंडिजचे सात बळी १५९ धावांत. एकूण ३१ कसोट्या, ६२ बळी, १२२९ धावा. कपिल देव येईपर्यंत नवा चेंडू टाकणारा आणि कसोटी शतकही ठोकणारा असा माणूस भारताकडे क्वचितच होता.

हे सगळं क्रिकेटच्या पुस्तकांत सापडतं. पुस्तकं ज्यावर भरभर पुढे जातात ती गोष्ट वेगळी आहे. ॲडलेडची ही जोडगोळी पुढे इंग्लंडमधल्या गिरणगावांत पगारी खेळाडू म्हणून उभी राहिली. हजारे १९४९ मध्ये रॉटनस्टॉलला. फडकर नेल्सन आणि रॉकडेल या क्लबांकडे. देशासाठी खेळणं म्हणजे मान, प्रवासखर्च आणि किरकोळ भत्ता. खांद्यातल्या ताकदीचे खरे पैसे द्यायला मात्र कापसाच्या गिरण्यांची ती धुरकट गावं तयार होती.

लँकेशायर लीग १८९२ ची. छोट्याशा टापूत एकमेकांना चिकटून असलेली गावं, प्रत्येकाचा एक क्लब, आणि प्रत्येक क्लबला एकच पगारी खेळाडू ठेवायची मुभा. बाकीचे दहा जण गिरणीत, दुकानात, शाळेत राबणारे. शनिवारी दुपारी गिरणीची शिट्टी झाली की गाव मैदानाकडे लोटायचं. पगारी खेळाडूने पन्नास धावा केल्या किंवा बळींचा सपाटा लावला की प्रेक्षकांतून पेटी फिरायची आणि जमलेली चिल्लर त्याची. आठवड्याच्या संध्याकाळी त्याने गावातल्या पोरांना शिकवायचं, हाही कराराचाच भाग. त्रिनिदादचा लिअरी कॉन्स्टंटाईन १९२९ पासून १९३७ पर्यंत नेल्सनकडे होता. गुलामांचा वंशज असलेला तो वेगवान गोलंदाज त्या गावाचा लाडका झाला आणि पुढे ब्रिटनच्या सार्वजनिक जीवनात मोठ्या पदांवर गेला. त्याने घालून दिलेल्या वाटेने अमरसिंग, लाला अमरनाथ, हजारे, फडकर, विनू मांकड गेले.

इथे कोल्हापूरकराला एक फरक लगेच जाणवेल. आपल्याकडे पैलवानाचा खुराक गावातच ठरलेला. शाहू महाराजांनी तालमी पोसल्या, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, आणि नामांकित मल्ल कुस्तीसाठी कोल्हापुरात येऊ लागले. मल्ल परदेशी जायचा तो पदकासाठी. खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. गोलंदाजाचं उलट. त्याला आश्रय देणारी संस्थानं १९४८ नंतर विलीन होत गेली, कंपन्यांच्या नोकऱ्या अजून थोड्या होत्या, आणि पोटासाठी समुद्र ओलांडावा लागला.

कराराचं बळ काय असतं, हे त्याच १९५२ च्या उन्हाळ्यात दिसलं. मांकड यांच्या हातात हॅसलिंग्डन क्लबचा करार होता. त्यांनी क्रिकेट मंडळाला एवढंच विचारलं, की इंग्लंड दौऱ्यासाठी माझी निवड नक्की असेल तर सांगा, मी तो करार सोडतो. मंडळाने हमी दिली नाही. मांकड लीगमध्ये गेले, संघ त्यांच्याशिवाय. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताची अवस्था चार बाद शून्य झाली. कर्णधार होते हजारे, ज्यांनी स्वतः लीगचं मीठ खाल्लं होतं. मग धावपळ करून हॅसलिंग्डनकडून मांकड यांना मोकळं करून घेण्यात आलं. लॉर्ड्सला त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या आणि एकाच डावात ७३ षटकं टाकली. सामना भारत हरला, पण इंग्लंडमध्ये त्याला आजही मांकडची कसोटी म्हणतात. मला या प्रकरणात मांकड यांची बाजू पूर्ण रास्त वाटते. कुटुंब चालवणाऱ्या माणसाने हमी मागितली, यात अपमान वाटण्यासारखं काय होतं?

या साऱ्यांत ज्याच्यावर मन थांबतं तो गोलंदाज सुभाष गुप्ते.

मुंबईचा जन्म, ११ डिसेंबर १९२९. (फडकरांचा जन्म १२ डिसेंबर १९२५ चा, आणि कोल्हापूरचेच भाऊसाहेब निंबाळकर, ज्यांनी १९४८ मध्ये पुण्याला काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ काढूनही कधी कसोटी खेळायला मिळाली नाही, ते १२ डिसेंबर १९१९ चे.) शरीराने किरकोळ, पण मनगट आणि बोटं अशी की चेंडू हातातून सुटताना सणसणत जायचा. लेगब्रेक हा मुख्य चेंडू. गुगली दोन प्रकारची, त्यातली एक हात पाहून ओळखता यायची आणि दुसरी नाही. पहिली फलंदाजाला ओळखू द्यायची, त्याला शहाणं झाल्यासारखं वाटू द्यायचं, आणि मग दुसरी टाकायची. बेसबॉल पाहणाऱ्यांना हे डावपेच लगेच कळतात. तिथे पिचर साडेअठरा मीटरवरून फेकतो, चेंडू जमिनीला टेकतच नाही, त्यामुळे जे वळण द्यायचं ते हवेतच. फिरत्या चेंडूच्या एका बाजूला हवा जास्त वेगाने सरकते आणि चेंडू तिकडे ओढला जातो. गुप्तेंच्या चेंडूला हे हवेतलं बुडणं होतंच, वर टप्प्यानंतरचं वळण. शिवाय चेंडू उंच सोडायला ते भीत नसत. षटकार बसला तरी पुढचा चेंडू तितकाच उंच. लेगस्पिनरचं काळीज त्यातच कळतं.

१९५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात पाच कसोट्यांत २७ बळी. समोर वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट, तिघेही भरात. पोर्ट ऑफ स्पेनला तेव्हा हिरवळीची खेळपट्टी नव्हती, तागाची मॅटिंग अंथरलेली असे. तिथे वीक्सने द्विशतक झळकावलं, तरी गुप्तेंनी सात बळी घेतले. याच दौऱ्यात त्यांची भेट भारतीय वंशाच्या एका त्रिनिदादी तरुणीशी झाली, आणि पुढे लग्न. तिथल्या हिंदी माणसांचे पूर्वज १८४५ पासून १९१७ पर्यंत उसाच्या मळ्यांवर गिरमिटाने नेलेले. आपल्या रंगाचा, आपल्यासारख्या नावाचा एक बारीक माणूस गोऱ्या-काळ्या दिग्गजांना नाचवतो आहे, हे पाहताना त्या मळ्यांतल्या लोकांना काय वाटलं असेल, याची कल्पना पंचगंगेकाठच्या ऊसवाल्या मुलखात राहणाऱ्याला करता येते.

मग १९५४-५५ मध्ये पाकिस्तानात २१ बळी, आणि त्याच हंगामात मुंबईत पाकिस्तानहून आलेल्या संघाविरुद्ध ७८ धावांत दहाच्या दहा. प्रथम श्रेणीत असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. पुढच्या वर्षी न्यूझीलंडविरुद्ध मालिकेत ३४. आणि याच काळात उन्हाळ्यात इंग्लंड, रिश्टन क्लब, लँकेशायर लीग. एप्रिलची थंडी, ओलसर खेळपट्टी, बोटं बधिर. मनगटाने चेंडू फिरवणाऱ्याला याहून वाईट हवामान नाही. त्यात झेल पकडायला शनिवारपुरते मोकळे झालेले गिरणीवाले. अशा ठिकाणी बळी काढायचे तर दिशा आणि टप्पा घड्याळासारखा लागतो. गुप्तेंची अचूकता मनगटी फिरकीवाल्यांत विरळा होती, आणि माझ्या मते ती घडवण्यात रिश्टनच्या गारठ्याचा वाटा मोठा आहे.

डिसेंबर १९५८, कानपूर. वेस्ट इंडिज सर्वबाद २२२, गुप्ते १०२ धावांत नऊ. उरलेला एक बळी, लान्स गिब्ज, महाराष्ट्राच्या वसंत रांजण्यांनी त्रिफळाचीत केला. दोनच वर्षांपूर्वी जिम लेकरने ओल्ड ट्रॅफर्डला दहा घेतले होते. गुप्ते एका बळीने त्या रांगेत बसायचे राहिले. पुढच्या डावात सोबर्सने १९८ काढल्या आणि भारत २०३ धावांनी हरला. गुप्तेंच्या कारकिर्दीचं हेच दुखणं होतं. एका टोकाने ते, दुसऱ्या टोकाने बळी घेणारं कोणी नाही, आणि झेल सुटत राहणार. तरीही ३६ कसोट्यांत १४९ बळी. सोबर्स अखेरपर्यंत म्हणत राहिले की शेन वॉर्नहूनही गुप्ते श्रेष्ठ लेगस्पिनर.

आणि मग डिसेंबर १९६१. कानपूरला गुप्तेंनी इंग्लंडचे पाच बळी ९० धावांत घेतले आणि भारताने इंग्लंडला इतिहासात पहिल्यांदाच फॉलोऑन दिला. लगेच दिल्लीची कसोटी. संघ इंपीरियल हॉटेलात उतरला होता, गुप्ते आणि सहकारी कृपालसिंग एका खोलीत. कृपालसिंग यांनी हॉटेलच्या स्वागतिकेला फोन करून ड्रिंकसाठी भेटायला बोलावलं. तिने तक्रार केली. तिची तक्रार गंभीर होती, ती ऐकली जायलाच हवी होती. पण फोन गुप्तेंनी केला नव्हता. खोली दोघांच्या नावावर होती एवढ्यावर दोघांनाही मंडळाने दूर केलं. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यासाठी, म्हणजे ज्या बेटांवर गुप्तेंचं नाव सर्वात मोठं होतं आणि जिथे त्यांचं सासर होतं, त्या बेटांच्या दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली नाही. वय ३२. लेगस्पिनर त्या वयात कुठे पक्व होऊ लागतो. ते पुन्हा भारताकडून खेळले नाहीत. तो दौरा भारत ५-० असा हरला.

मला याची चीड येते, साठ वर्षांनंतरही. रिश्टनला त्यांच्या हातात कागद होता: इतका पगार, इतके सामने, इतकी मुदत. क्लबला त्यांना काढायचं असतं तर कारण द्यावं लागलं असतं. मायदेशात १४९ बळी घेणाऱ्या माणसाजवळ असा कागद नव्हता. गुप्ते बायकोच्या देशात गेले, त्रिनिदादकडून खेळले, तिथेच स्थायिक झाले आणि ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला वारले. शेवटच्या वर्षांत मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव दिला. निंबाळकरांनाही पुढे तोच सन्मान मिळाला.

फेकणाऱ्या हाताची मालकी कुणाची, हा वाद बेसबॉलमध्येही झालेला आहे. जपानचा मासानोरी मुराकामी १९६४ मध्ये शिकाऊ म्हणून अमेरिकेत गेला, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून खेळला आणि चमकला. लगेच नानकाई हॉक्स या त्याच्या जपानी क्लबने त्याला परत मागितलं. दोन्ही देशांच्या बेसबॉल संघटना भांडल्या, १९६५ च्या हंगामानंतर तो मायदेशी गेला, आणि पुढची तीस वर्षं एकाही जपानी खेळाडूला ती वाट उघडी राहिली नाही. १९९५ मध्ये हिदेओ नोमोने नियमातली फट शोधली. निवृत्ती जाहीर केली की जपानी क्लबचा हक्क संपतो, म्हणून तो 'निवृत्त' झाला आणि लॉस एंजलिस डॉजर्समध्ये दाखल झाला. त्या वर्षी त्याच्या लीगमधला सर्वोत्तम नवोदित तोच. गुप्तेंच्या वेळी अशी फट कुठेच नव्हती. कसोटीचं दार एकच आणि किल्ली मंडळाकडे.

गोलंदाजाची परदेशाची वाट आता कशी बदलली, त्याचं उदाहरण मुंबईचा सौरभ नेत्रावळकर. डावखुरा वेगवान गोलंदाज, जन्म १९९१. २०१० च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात के. एल. राहुलच्या बरोबरीने खेळलेला. त्या स्पर्धेत भारताकडून सर्वाधिक बळी त्याचे. इंजिनिअरिंगची पदवी, मुंबईकडून रणजीचा एक सामना, आणि पुढे जागाच नाही. २०१५ मध्ये तो संगणकशास्त्र शिकायला कॉर्नेल विद्यापीठात गेला, ओरॅकलमध्ये लागला. आमच्या पन्हाळ्यावर टेनिस चेंडूने खेळणाऱ्या पोरांचा चेंडू तटाखाली गेला की डाव संपतो. अमेरिकेत गेलेल्या गोलंदाजाचाही डाव असाच संपला असं सगळे धरून चालले होते. पण तो २०१८ पासून अमेरिकेकडून खेळू लागला, कर्णधार झाला.

६ जून २०२४ ला, टी-ट्वेंटी विश्वचषकात, टेक्ससमधल्या ग्रँड प्रेअरी मैदानावर अमेरिका आणि पाकिस्तान यांची धावसंख्या १५९ वर बरोबरीत आली. ते मैदान काही वर्षांपूर्वीपर्यंत टेक्सस एअरहॉग्ज या बेसबॉल संघाचं होतं, तिथल्या उंचवट्यावरून पिचर फेकायचे, आणि क्रिकेटसाठी ते नव्याने बांधून घेतलेलं. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेने १८ केल्या. चेंडू नेत्रावळकरच्या हातात दिला गेला. समोरचा कर्णधार बाबर आझम चौदा वर्षांपूर्वी त्याच एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात पाकिस्तानकडून होता आणि उपांत्यपूर्व फेरीत त्याच्या संघाने भारताला हरवलं होतं. पाकिस्तानला १३ च धावा निघाल्या. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला भारताविरुद्ध नेत्रावळकरने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केलं, मग रोहित शर्माला. स्पर्धा चालू असताना त्याची ओरॅकलमधली नोकरी शाबूत होती, आणि स्पर्धेनंतर वॉशिंग्टन फ्रीडम या व्यावसायिक संघाच्या करारावर तो मैदानात उतरला.