गावातलं जुनं माळवद विकत घेताय? नवरा-बायकोनं मिळून आधी हे तपासा

लातूर, धाराशिव, बीड भागातल्या कुठल्याही गावात चक्कर मारली तर दोन-चार वाडे, माळवदं कुलूप लावलेली दिसतात. मालक पुण्या-मुंबईला, वारस चार ठिकाणी. दुसरीकडं नवीन बांधकामाचा खर्च परवडत नाही म्हणून तरुण जोडपी अशी जुनी घरं घ्यायचा विचार करू लागली आहेत. भाव कमी असतो, जागा पांढरीतली असते, दगडी ढेळज, सागवानी दार बघून मन भरतं. पण कागद आणि भिंत या दोन्ही गोष्टी नीट बघितल्या नाहीत, तर स्वस्तातलं घर महागात पडतं.

नमुना आठ म्हणजे मालकी नव्हे

बहुतेक व्यवहार ग्रामपंचायतीचा आठचा उतारा बघून होतात. हा उतारा घरपट्टी आकारण्यासाठी असतो. त्यावर नाव आहे म्हणजे तोच मालक, असं कायद्यानं ठरत नाही. (शेतीचा आठ-अ हा खातेउतारा वेगळा, त्यात गल्लत करू नका.) गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मिळतं. केंद्राची स्वामित्व योजना 2020 मध्ये त्यासाठीच सुरू झाली. कार्डावर नाव कुणाचं, क्षेत्र किती, हे आठच्या उताऱ्याशी जुळवून बघा. बँकेचं कर्ज काढायचं असेल तर नुसत्या आठच्या उताऱ्यावर काम होणं अवघड असतं.

जुने खरेदीखत, वाटणीपत्र मागून घ्या. आधीच्या नोंदणीकृत व्यवहारांचा शोध नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मोबाईलवरूनही घेता येतो. तरी एकदा तालुक्याच्या वकिलाकडून सर्च रिपोर्ट काढलेला बरा.

लेकींच्या सह्या घेतल्या का?

जुन्या घरांचे सगळ्यात जास्त वाद इथं होतात. उताऱ्यावर थोरल्या भावाचं नाव असतं, तोच सौदा करतो आणि पैसे घेतो. दोन वर्षांनी लग्न झालेली बहीण हिस्सा मागायला येते. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाल्यापासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याचीही अट नाही. त्यामुळं सगळे वारस खरेदीखतावर सह्या करणार असतील तरच पुढं जा. एखाद्या बहिणीनं हक्क सोडला असेल, तर तिचं हक्कसोडपत्र नोंदणी केलेलं आहे का ते बघा. “ताईचं काही म्हणणं नाही” हे तोंडी उत्तर कोर्टात चालत नाही.

तसंच पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घर नावावर होत नाही. शंभर रुपयांच्या वर किंमत असलेल्या स्थावर मिळकतीची खरेदी दुय्यम निबंधकाकडं नोंदवावीच लागते. इसार रोख देण्यापेक्षा खात्यावरून द्या. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर आयकर कायद्याचं बंधन आहे. शिवाय खात्यावरच्या नोंदीचा पुरावा राहतो.

घर कुणाच्या नावावर?

हा प्रश्न जोडप्यानं सौद्याच्या आधी बोलून घ्यायचा असतो. महाराष्ट्रात 2021 पासून राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्क्याची सवलत आहे. आठ लाखांच्या घराला आठ हजार वाचतात. पण खरेदीदार फक्त महिला असेल तरच ही सवलत मिळते, नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर मिळत नाही. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30 हजार, ती दोन्हीकडं सारखीच.

आता आठ हजार वाचवायचे की दोघांची नावं लावायची? पैसा दोघांचा असेल, बायकोचे दागिने मोडले असतील, माहेरची मदत असेल, तर नुसत्या नवऱ्याच्या नावावर घर घेणं तिच्यावर अन्याय आहे. उद्या काही बरंवाईट झालं तर तिलाच दारोदार फिरावं लागतं. घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, असं राज्य सरकारनं 2003 सालीच ग्रामपंचायतींना सांगितलं आहे. पण वर सांगितल्याप्रमाणं आठचा उतारा ही मालकी नव्हे. म्हणून खरेदीखतातच दोन्ही नावं किंवा बायकोचं नाव घेणं जास्त पक्कं.

भिंतीला पोट आलंय का ते बघा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, ती मुख्यतः जड माळवद आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. आपल्याकडची जुनी भिंत दोन-अडीच फूट रुंद असते, पण ती एकसंध नसते. आत एक थर, बाहेर एक थर आणि मधे माती-चिपा. दोन्ही थरांना बांधणारे आरपार जोडदगड नसतील तर भिंत फुगते. त्यालाच पोट येणं म्हणतात.

गवंडी सोबत न्या, ओळंबा लावून भिंत सरळ आहे का बघा. कोपऱ्यात उभी भेग असेल तर सावध व्हा. तुळई, खांबाचा बुडखा आणि किलचणं लोखंडी सळईनं टोचून बघा, वाळवी लागलेलं लाकूड आतून पोकळ असतं. शक्य असेल तर घर पावसाळ्यात बघा. उन्हाळ्यात कोरडं दिसणारं माळवद श्रावणात कुठं गळतं ते तेव्हाच कळतं.

दुरुस्तीत होणाऱ्या चुका

दरवर्षी मृगाआधी माळवदावर नवी माती टाकायची रीत आहे. पन्नास वर्षांत हा थर दीड-दोन फुटांवर जातो आणि सगळं वजन तुळयांवर येतं. भूकंपानंतर तज्ज्ञांनी सांगितलेला उपाय साधा आहे. जादा माती काढून थर आठ इंचांपर्यंत आणायचा, मधे प्लास्टिकचा कागद घालायचा, भिंतीत ठराविक अंतरावर आरपार जोडदगड किंवा काँक्रीटचे जोड बसवायचे आणि खांब-तुळईच्या सांध्याला तिरके आधार द्यायचे.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. भिंतीतला ओलावा बाहेर पडत नाही, आतून लोणा लागतो आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. माती किंवा चुन्याचा गिलावा चालतो. मातीत रचलेल्या भिंतीवर स्लॅब टाकणं तर जिवाशी खेळ आहे. स्लॅबच हवा असेल तर पायापासून स्वतंत्र कॉलम घ्यावे लागतात, मग खर्च नव्या घराइतकाच येतो.

संडास-न्हाणी जुन्या भिंतीला चिकटून काढू नका. पाणी पायात मुरतं आणि भिंत खचते. शोषखड्डा भिंतीपासून लांब घ्या.

आधी काय, नंतर काय

खरी भांडणं इथं लागतात. त्याला दर्शनी भाग, फरशी, रंग हवा असतो, तिला संडास, मोरी आणि धूर बाहेर जाणारं स्वयंपाकघर. दोघांनी वहीत लिहून क्रम ठरवा. पहिल्या वर्षी छत, पन्हाळी आणि भिंती. त्याचवेळी वायरिंग नवी करून अर्थिंग द्या. मग पाणी आणि संडास. फरशी-रंग शेवटी. ठरवलेल्या खर्चावर थोडी रक्कम वेगळी ठेवा, कारण जुनं घर उकरलं की आतून काय निघेल सांगता येत नाही. काम दिवाळीनंतर सुगी बघून काढा आणि छत मृगाच्या आत झाकून घ्या. दिवसा कामावर लक्ष बहुतेक वेळा घरातली बाईच ठेवते, तेव्हा गवंड्याचा हिशोब आणि मजुरीचे पैसेही तिच्याच हातात असावेत.

सौद्याआधी एवढं लिहून घ्या

घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिलाची थकबाकी कोण भरणार. चतुःसीमा आणि सामाईक भिंत कुणाची. पन्हाळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं. येण्या-जाण्याचा रस्ता कागदावर आहे का. दारं, सागवानी खांब, बळदातलं सामान सौद्यात धरलंय की नाही. सौदा झाल्यावर मालकानं दार काढून नेल्यावरून गावात कायमचं वैर होऊ शकतं.

खरेदी झाली की ग्रामपंचायतीत अर्ज देऊन आठला नाव लावा, प्रॉपर्टी कार्ड असेल तर भूमी अभिलेखमध्ये फेरफार करून घ्या आणि वीजमीटर नावावर करा. मूळ खरेदीखत घरातल्या पेटीत ठेवा, त्याचा फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये असू द्या.