सांगवीच्या खोलीत लिहिलेली कादंबरी

शेती खात्याच्या माणसाने कादंबरीविषयी लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. केळीच्या मुनव्यांविषयी लिहा, बोंडअळीविषयी लिहा, असे तुम्ही म्हणाल. ते तर आम्ही लिहीतच असतो. पण आपल्याच खान्देशातील एका शेतकरी घरातल्या मुलाने जे लिहिले, ते तुमच्या ओट्यावरचे आणि माजघरातले आहे. म्हणून आज हा विषय.

जळगाव जिल्ह्यातील यावल तालुका तुम्हाला सांगायला नको. वर सातपुडा, खाली तापी आणि मध्ये काळ्या कसदार मातीचा पट्टा. या पट्ट्यातल्या सांगवी गावी २७ मे १९३८ रोजी भालचंद्र नेमाडे यांचा जन्म झाला. त्याच तालुक्यातील फैजपूरला दीडच वर्षापूर्वी, म्हणजे डिसेंबर १९३६ मध्ये, काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले होते. खेड्यातल्या मुलाने शिकावे, मोठे व्हावे, अशी हवा त्या काळी होती. नेमाडेही शिकायला पुण्याला गेले. फर्ग्युसन कॉलेजात शिकले, पुढे डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा अभ्यास केला. मुंबईत वृत्तपत्रात जम बसवावा असा विचार होता, तो काही साधला नाही. १९६३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते सांगवीला परत आले.

आता यापुढचे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. मुलाच्या शिक्षणासाठी पैसा घातलेला असतो. कुणी त्यासाठी एखादे वावर गहाण टाकतो, कुणी बैलजोडी विकतो. आणि मुलगा रिकाम्या हाताने दारात उभा राहतो. नेमाडे यांचे वडील मुलावर रागावले. एवढा खर्च केला तो वाया गेला, असे त्यांना वाटले. बापाच्या जागी तुम्ही असता तर काय बोलला असता, हे मनाशी आठवून पाहा. मी गावोगाव हिंडतो तेव्हा असा संवाद ओसरीवरून कानी येतो. मुलगा खाली मान घालून आत जातो आणि दार लावून घेतो. आई ताट वाढून दाराशी उभी राहते.

नेमाडे यांनीही स्वतःला असेच सगळ्यांपासून बाजूला ठेवले. भोवती घर, शेत, नातलग, सारे गाव. पण मधोमध हा एकटा माणूस, पुराच्या पाण्यात उंचवट्यावर अडकल्यासारखा. तिथे बसून त्यांनी रात्रंदिवस लिहिले. दोन-तीन आठवड्यांत कादंबरी पुरी झाली. पुण्याचे प्रकाशक रा. ज. देशमुख यांनी ती त्याच वर्षी छापली. तिचे नाव ‘कोसला’.

या नावाबद्दल मला थोडे बोलू द्या, कारण ते आमच्या खात्याच्या हद्दीत येते. कोसला म्हणजे रेशीम किड्याचा कोश. तुतीचा पाला खाऊन मोठी झालेली अळी आपल्याच तोंडातून धागा काढते आणि दोन-तीन दिवस स्वतःभोवती गुंडाळत राहते. एका चांगल्या कोशातून हजार मीटरच्या आसपास धागा निघतो. आत अळीची कोशितावस्था चालू असते. बाहेरून बघणाऱ्याला ती मेली की जगली, ते कळत नाही. वेळ मिळाला तर ती पतंग होऊन कोश फोडून बाहेर येते. मात्र कोश फुटला की अखंड धागा मिळत नाही, म्हणून रेशीमवाले आधीच कोशाला उष्णता देऊन आतला जीव मारतात. कोंडून घेतलेल्या तरुणाच्या गोष्टीला याहून नेमके नाव मला तरी सुचले नसते.

गोष्टीचा नायक पांडुरंग सांगवीकर. खेड्यातल्या खात्यापित्या घरचा मुलगा, पुण्याला शिकायला जातो. वसतिगृह, खाणावळ, स्नेहसंमेलन, परीक्षेतील अपयश, आणि शेवटी पुन्हा गाव. बापाशी त्याचे पटत नाही. घटना म्हणाल तर फारशा नाहीत. काही वाचकांना तो आळशी व उर्मट वाटेल. मलाही मध्येमध्ये वाटला. परंतु त्याची धाकटी बहीण मनू देवीच्या रोगाने जाते, ती पाने वाचल्यावर मत बदलते. देवीचा रोग भारतातून १९७५ नंतर हद्दपार झाला. त्याआधी घरोघर असे एखादे नाव होते, हे वडीलधाऱ्या मंडळींना विचारा.

पुढे नेमाडे यांनी अनेक ठिकाणी कॉलेजांत शिकवले. त्यांत आपले धुळेही होते आणि लंडनही. ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ व ‘झूल’ या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील. तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव आपल्याला ठाऊक आहेच. ‘झूल’ बैलाच्या पाठीवरची. आणि ‘जरीला’ म्हटले की जुन्या कास्तकाराला आधी कापूसच आठवेल, कारण जरीला ही मर रोगाला दाद न देणारी देशी कापसाची जात जळगावच्या संशोधनातून निघालेली.

२०१० साली त्यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही जाडजूड कादंबरी आली. खंडेराव हा उत्खननाचा अभ्यासक. बाप मरणपंथाला लागल्याचे कळताच तो दूर देशाहून आपल्या मोरगावला निघतो. बाप गेल्यावर शेती कोण बघणार, हा प्रश्न तिथेही आहे. २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार नेमाडे यांना मिळाला. ज्या शिक्षणाच्या खर्चावरून घरात बोलणी झाली होती, त्याचे असे झाले. अर्थात घरी परतलेला प्रत्येक मुलगा कादंबरीकार होत नाही, हे मलाही कळते. पण दार लावून बसलेला प्रत्येक जण आत झोपलेलाच असतो, असेही मी आता म्हणत नाही. परवा रावेरकडच्या एका शेतकऱ्याने मला मुलाची अशीच तक्रार सांगितली. मुलगा आत काय करतो, हे विचारले का, असे मी म्हटले. ते म्हणाले, “साहेब, रागावलो तेवढा. विचारलं नाही.”

जिल्हा किंवा तालुक्याच्या वाचनालयात ‘कोसला’ बहुधा मिळेल. गावच्या वाचनालयात नसेल तर ग्रंथपालाकडे मागणी नोंदवा. भाषा बोलण्यातली आहे, अवघड नाही. घरात एकाने वाचावी व बाकीच्यांनी ऐकावी. फक्त मनूचे प्रकरण आले की धाकट्या मुलांना आधी झोपवा.