नव्या ई-मेलची वर्दी देणारी घरची घंटा

मालाची चौकशी करणारा ग्राहक एकाच वेळी चार-पाच ठिकाणी ई-मेल पाठवितो. ज्याचा भाव आधी पोहोचेल त्याच्याशी बोलणी सुरू होतात. कारागिराचे हात दिवसभर यंत्रात किंवा शिलाईत गुंतलेले असतात. संध्याकाळी तो टपाल पाहतो, तोवर काम दुसरीकडे गेलेले असते. मोबाइल सूचना देतो हे खरे. परंतु जाहिरात आणि ग्राहक यांचा आवाज एकच, म्हणून पुष्कळांनी तो बंदच करून ठेवलेला असतो.

यावर थोड्या खर्चात स्वतःचे साधन तयार करता येते. ई-मेल आणण्याची 'पॉप' ही जुनी पद्धत म्हणजे दर दहा मिनिटांनी पोराला पोस्टात पाठवून "पत्र आले का?" असे विचारण्यासारखे आहे. 'आयमॅप' ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये तयार केली. तिला १९९७ मध्ये 'आयडल' नावाची जोड मिळाली. हिच्यात आपले यंत्र जोडणी उघडी ठेवून स्वस्थ बसते आणि पत्र येताच सर्व्हर स्वतःहून कळवितो.

यासाठी जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय हा लहानसा संगणक आणि एक छोटा बझर पुरे. प्रोग्राम पायथॉन भाषेत लिहिता येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या तिच्या ३.१४ या आवृत्तीत आयडलची सोय अंगभूत आहे. सर्व्हर फक्त पत्रांची संख्या वाढल्याचे सांगतो. पत्र कोणाचे, हे प्रोग्रामने विचारून घ्यावे लागते. टपालपेटी 'फक्त वाचण्यासाठी' उघडावी, म्हणजे न वाचलेली पत्रे वाचलेली म्हणून नोंदली जाणार नाहीत.

घंटा कोणासाठी वाजवावी? केवळ ओळखीच्या ग्राहकांची यादी दिली तर नवा ग्राहक दाराबाहेरच राहील. म्हणून चौकशीसाठी वेगळा ई-मेल पत्ता ठेवावा, बिलावर व व्हिजिटिंग कार्डावर तोच छापावा आणि घंटा त्यालाच जोडावी.

तीन गोष्टींची खबरदारी घ्यावी. पहिली, तीस मिनिटे शांत राहिलेली जोडणी सर्व्हर तोडू शकतो. म्हणून एकोणतीस मिनिटांच्या आत ती नव्याने चालू करावी, असे आयडलच्या नियमातच सांगितले आहे. दुसरी, वीज किंवा इंटरनेट गेल्यावर साधनाने पुन्हा जोडणी करून मधल्या काळातील पत्रेही तपासावीत. बंद पडलेली घंटा आणि पत्र न आलेली घंटा सारखीच गप्प असते. यासाठी रोज सकाळी दुकान उघडताना तिने एकदा आपोआप वाजावे, अशी व्यवस्था करावी. तिसरी, खात्याचा मूळ पासवर्ड प्रोग्राममध्ये लिहू नये. जीमेलमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी चालू केल्यावर सोळा अक्षरांचा वेगळा 'ॲप पासवर्ड' मिळतो. शंका आल्यास तेवढाच रद्द करता येतो.

पायथॉन जाणणारा मोहल्ल्यातील एखादा विद्यार्थी हे काम करू शकेल. त्याला मेहनताना अवश्य द्यावा. मात्र पासवर्ड स्वतःच्या हाताने टाकावा. ग्राहकांची नावे, भाव आणि मागण्या हे व्यापाऱ्याचे भांडवलच आहे. अनोळखी फुकट ॲपच्या हाती त्याची किल्ली देण्यापेक्षा ही घरची घंटा बरी. मात्र ती वाजल्यावर उत्तर त्याच घटकेला गेले पाहिजे. नाही तर घंटा असून नसल्यासारखीच.