शेळीचे जंत आणि लेंड्यांची परीक्षा

शेळीला 'गरिबाची गाय' म्हणतात. वर्धा जिल्ह्याशीं तिचा संबंध विशेष जवळचा. कारण १९३६ सालीं शेगांवास, म्हणजे आजच्या सेवाग्रामास, येऊन राहिलेल्या महात्माजींच्या आहारांत दूध असे तें शेळीचें. परंतु ज्या घरांत चारपांच शेळ्या हीच सारी ठेव, तेथें श्रावण-भाद्रपदांत एकादी शेळी रोडावते, तिच्या जबड्याखालीं पाणी सांचतें आणि एके सकाळीं ती मरून पडलेली आढळते. घरचीं माणसें दृष्टीला दोष देतात. खरा मारेकरी बहुधा तिच्या पोटांत असतो.

तो म्हणजे चौथ्या जठरांत राहणारा, दोनतीन सेंटिमीटर लांबीचा, रक्त पिणारा जंत. शास्त्रांत त्याला 'हिमाँकस' म्हणतात. १,००० जंत झाले कीं शेळीचें रोज सुमारें ५० मिलिलिटर रक्त जातें. एक मादी दिवसाला ५,००० हून अधिक अंडीं घालूं शकते. लेंड्यांबरोबर तीं जमिनीवर पडतात, पावसाळी उबेंत आठवड्याभरांत त्यांच्या अळ्या तयार होतात व ओल्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. शेळी मूळची झुडपांचा पाला खुडणारी. बोरीबाभळीच्या उंच फांदीवर अळी पोंचत नाहीं. परंतु खरिपांत कपाशी, तूर, सोयाबीन यांनीं शिवार व्यापलें म्हणजे कळपाला बांधावरील व नाल्याकांठचें आंखूड गवतच उरतें, आणि तेथेंच अळ्यांचा सुकाळ असतो.

पोटांतील हा शत्रु बाहेरून ओळखण्याची युक्ति मोठी साधी आहे. मिठाच्या संपृक्त पाण्यांत या जंताचीं अंडीं तरंगतात. ताज्या ४ ग्रॅम लेंड्या अशा ५६ मिलिलिटर पाण्यांत कुसकरून गाळतात, तें पाणी रेघा आंखलेल्या कांचेच्या दोन कप्प्यांत भरतात आणि सूक्ष्मदर्शकाखालीं अंडीं मोजतात. दोन्ही कप्प्यांत मिळून जितकीं दिसतील त्यांस ५० नें गुणिलें कीं एका ग्रॅमांतील अंड्यांची संख्या मिळते. ही मोजणी ऑस्ट्रेलियांतील मॅकमास्टर प्रयोगशाळेंत निघाली. १९३९ सालीं ती प्रसिद्ध झाली. यकृतांतील चपट्या कृमीचीं अंडीं मात्र जड असल्यानें मिठाच्या पाण्यांत तरंगत नाहींत. तीं साध्या पाण्यांत तळाशीं बसवून पाहावीं लागतात.

या परीक्षेला एक मर्यादा आहे. पोटांत शिरलेली अळी वयांत येऊन अंडीं घालण्यास सुमारें तीन आठवडे लागतात; तोंवर लेंड्या निर्दोष दिसतात, रक्त मात्र जात असतें. म्हणून शेळीची खालची पापणी उलटून पाहावी. आंतील त्वचा लाल असल्यास चिंता नाहीं. ती पांढुरकी पडल्यास विलंब करूं नये.

एवढा खटाटोप कशाला, सर्वच शेळ्यांना वरचेवर औषध पाजलें म्हणजे झालें, असें कोणासही वाटेल. धोका तेथेंच आहे. थायबेंडाझोल हें गाजलेलें जंतनाशक १९६१ सालीं निघालें आणि १९६४ पर्यंत त्यास न जुमानणारे जंत अमेरिकेंत मेंढ्यांत आढळले. औषधानें दुर्बल जंत मरतात, चिवट तेवढे उरतात आणि पुढील पिढी त्यांचीच होते. उलट, कळपांतील बहुसंख्य जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटांत असतात. परीक्षेनें त्या निवडून त्यांनाच वजनाप्रमाणें पुरी मात्रा दिली, तर खर्च वांचतो व औषधाची धारही टिकते. दोन आठवड्यांनीं पुन्हां मोजणी करावी. अंडीं ९५ टक्क्यांनीं घटलीं नाहींत, तर औषध बोथट झाल्याची शंका घ्यावी.

लेंड्या जमिनीवरून न उचलतां थेट शेळीच्या गुदद्वारांतून, हातमोजा घालून घ्याव्यात. पिशवींत बंद करून, वर खूण व तारीख लिहून त्याच दिवशीं गारव्यांत पशुवैद्यकीय दवाखान्यांत पोंचवाव्यात. उन्हांत ठेवल्यास अंडीं वाटेंतच फुटतात. मूठभर लेंड्या आणि थोडें मीठ एवढ्या साहित्यावर शेळी वांचते, आणि शेळीबरोबर पुष्कळदां मुलांचें दूध व शाळेचा खर्चही वांचतो.